चौतीस वर्षांचे म्हातारे

मला त्रेसष्ट पूर्ण झाली. तीन नातवंडं आहेत, थंडी पडायच्या दोन दिवस आधीच डावा गुडघा कुरकुरायला लागतो, आणि तरीही आमच्या टेबलावर चहा मीच ओततो. आमच्याकडे चहा ओतायचा मान सगळ्यात धाकट्याचा असतो, आणि त्या टेबलावर सगळ्यात धाकटा मी. मान म्हणायचं आपलं. "कचकिन, पोरा, झोपलास काय?" असं कासिमाली आके म्हणाले, की चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेला हा पोरगा मुकाट्यानं किटली घेऊन उठतो.

टेबल आहे आमच्या काराकोल गावच्या बाजाराला लागून असलेल्या खानावळीत. आम्ही रोज बारा वाजता तिथे जमायचो. कासिमाली आके शहाऐंशी वर्षांचे; वडील माणसाला आम्ही आके म्हणतो, वडील बाईला एजे. खिंडीतल्या रस्त्यावरचं बर्फ हटवायची गाडी त्यांनी तीस वर्षं चालवली. बोलतात कमी, आणि बोलले की रस्ता मोकळा होतो. त्यांच्या शेजारी झूरा एजे, वय एकोणऐंशी. ती जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत होती. अर्ध्या गावाच्या जन्मतारखा तिला तोंडपाठ. एखाद्या बाईनं दोन वर्षं चोरून सांगितली, तर एजे भर लग्नात ती दुरुस्त करते. तिला लग्नाला बोलावताना लोक जरा विचार करतात.

आणि खानावळीच्या दर्शनी काचेआड बुरुल एजे, सहासष्ट वर्षांची. ती लगमान ओढायची. पीठ मळून, तेल लावून झाकून ठेवायचं, मग त्याची जाड दोरी दोन हातांत धरून ओढायची, दुमडायची, पुन्हा ओढायची, आणि प्रत्येक ओढीला दोरी टेबलावर आपटायची. ठाप. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असं करत शेवटी हातात लांबलचक शेवयांची लड. एकतीस वर्षं ती हेच करत होती. बाजारातल्या भाजीवाल्या त्या ठाप-ठापीवरून ओळखायच्या, बारा वाजत आले म्हणून.

उन्हाळा संपता संपता खानावळ विकली गेली. राजधानीतल्या एका कंपनीनं ती घेतली. तिचा संचालक नूरतिलेक, केस चापून बसवलेला, बोलायला गोड. भिंती पांढऱ्या झाल्या, खुर्च्यांचे पाय काटकुळे झाले. आमचं खिडकीजवळचं टेबल गेलं. "आके, हा कोपरा आता फोटोसाठी ठेवलाय. तुम्हाला आत शांत जागा देतो," असं म्हणून त्यानं आम्हाला हात धुवायच्या नळाशेजारी बसवलं. नव्या मुलींनी आमच्या पियाल्या काठोकाठ भरल्या. आता आमच्यात चहा देतात तो अर्धी पियाली, म्हणजे माणूस पुन्हा मागेल, आणखी थोडा बसेल. काठोकाठ भरली याचा अर्थ एवढी प्या आणि निघा. त्या पोरींना हे ठाऊक नव्हतं की त्यांना तसंच शिकवलं होतं, देव जाणे. आकेंनी पियालीकडे पाहिलं, न सांडता उचलली आणि संपवली. मी मात्र तेव्हापासून तापलेला होतो.

मग दाराच्या काचेवर ती पाटी लागली. छापील, मोठ्या अक्षरांत. 'कर्मचारी हवेत. वय १८ ते ३५. चेहरा प्रसन्न असावा.' बुरुल एजेनं ती आतून वाचली. काचेला बाहेरच्या बाजूनं चिकटवलेली, त्यामुळे उजेडात तिला अक्षरं उलटी दिसत होती. हातात लगमान ओढता ओढता तिनं एकेक अक्षर सुलटं करून जुळवलं. "मग आकडा आला, तो उलटा काय न् सुलटा काय," असं ती मला नंतर म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी नूरतिलेकनं तिला बाजूला घेतलं. एक रेशमी ओढणी, मिठाईची पेटी आणि आईला हाक मारावी तसं "अपा, तुम्ही आता आराम करा." एका कागदावर सही घेतली. चष्मा घरी राहिला होता, तरी तिनं केली. कामगार कचेरीत मी तिच्याबरोबर गेलो तेव्हा कळलं, कागदावर लिहिलं होतं की तिनं स्वखुशीनं काम सोडलं. कचेरीतला माणूस भला होता. अशी पाटी लावायला कायद्यानं बंदी आहे, असंही म्हणाला. पण सही बघून त्यानं हात वर केले.

त्यानंतर आठवड्यानं मी तिच्या घरी गेलो. एकटीच राहते ती. मुलगा परदेशात बांधकामावर आहे. दार उघडलं तर टेबलावर लगमानचा हा ढीग. पंधरा माणसं जेवतील एवढा.

"पाहुणे येणार आहेत का एजे?"

"कुठले पाहुणे?" ती म्हणाली. "बारा वाजले की हात आपोआप उठतात रे. मी काय करू? काल शेजारच्या गाईला घातलं. तीही आता तोंड फिरवते."

मी हसलो, आणि तीही हसली, आणि मग ती तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला तेव्हा कळलं, की त्या कंपनीनं हिचा पगार नेला हे एक वेळ परवडलं. हिच्या हातांनी दिवसभर करायचं काय, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

आणि अशात तो नूरतिलेक कासिमाली आकेंच्या दारात येऊन उभा राहिला. खानावळीचं नव्यानं उद्घाटन होतं शनिवारी दुपारी. मेंढा कापणार, नगरपालिकेचे साहेब येणार, राजधानीतून चित्रीकरणवाला येणार. "आके, तुम्ही सगळ्यांत वडील. तुमची दुवा हवी. आणि ती पांढरी उंच टोपी घालून या हं, दाढीला फार शोभते."

"येतो," आके म्हणाले.

ते ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. मी तिथेच अंगणात सफरचंदं गोळा करत होतो. तो गेल्यावर मी टोपली आपटली. "आके, तुम्हाला मटणच खायचं होतं तर मला सांगायचं होतंत! माझ्याकडे मेंढा आहे! ज्यानं बुरुल एजेला ओढणी देऊन बाहेर काढली, त्याच्या दुकानाला तुम्ही दुवा देणार?"

"मी येतो म्हणालो," आके म्हणाले. "देतो कुठं म्हणालो?"

"मग जाऊन करणार काय तिथे?"

"जेवणार." त्यांनी टोपली सरळ केली. "झूराला सांग, तिनं बुरुलला घेऊन यायचं. नको म्हणाली तरी. आणि तू चिडका चेहरा घरी ठेवून ये. तिथे प्रसन्न चेहरा लागतो, दारावर लिहिलंय."

शनिवारी मी गेलो, पण चेहरा घरी ठेवायला जमलं नाही. मोठं लांब टेबल मांडलेलं. दारासमोरच्या मानाच्या जागेवर आके, शेजारी झूरा एजे, तिच्याशेजारी बुरुल एजे. बुरुल एजेला झूरा एजेनं दंडाला धरून आणलेलं दिसत होतं. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, आणि डोळे काचेआडच्या त्या रिकाम्या टेबलाकडे. तिथे आता फुलांची कुंडी ठेवली होती. लगमान यंत्रातून येत होती. पलीकडे नगरपालिकेचे साहेब, दोन-तीन व्यापारी, आणि कंपनीची सगळी तरुण मंडळी. आमच्या बाजूला बाजारातले सात-आठ म्हातारे-म्हाताऱ्या. मला वाटलं होतं आके एकटेच येतील. सगळ्यांना त्यांनीच आणलं होतं.

हात धुवायचं भांडं घेऊन मी टेबलाभोवती फिरलो. तेही धाकट्याचंच काम, पण कंपनीच्या पोरांना ते सुचलं नव्हतं. मग उकडलेल्या मटणाची परात आली, आणि नूरतिलेकनं ती माझ्या हातात दिली. "बैके," थोरल्या भावाला म्हणावं तसं तो म्हणाला, "वाटा तुम्ही. तुम्हाला रीत माहीत आहे."

रीत मला चांगलीच माहीत आहे. आमच्यात मेंढ्याचं मटण नुसतं वाढत नाहीत. प्रत्येक हाडाला वय असतं. कमरेखालचं मोठं हाड, ज्याला जंबाश म्हणतात, ते टेबलावरच्या सगळ्यात वडील माणसाचं. शेपटाकडचं सगळ्यात वडील बाईचं. मग मांडीचं, मग खांद्याचं, असं उतरत उतरत नळीचं हाड धाकट्यांना. हाड चुकलं तर माणूस बोलणार नाही काही, पण तुमच्या घरी पुन्हा येणार नाही.

मी जंबाश उचललं, दोन्ही हातांनी आकेंपुढे धरलं.

आकेंनी छातीवर हात ठेवला. "हे मला कसं चालेल? मला नळीचं दे."

मला वाटलं ऐकू आलं नाही. "आके, जंबाश आहे."

"दिसतंय मला. पण मी चौतीस वर्षांचा आहे. वडील माणसाचं हाड माझ्यापुढे ठेवू नकोस, बरं दिसत नाही."

टेबलावर हसू पसरलं. व्यापारी हसले, साहेब हसले, चित्रीकरणवाल्यानं कॅमेरा आकेंवर आणला. नूरतिलेकही हसला. "आके, तुमची थट्टा म्हणजे!"

"थट्टा कशी?" आके म्हणाले. "दारावर लिहिलंय, या घरात अठरा ते पस्तीस वयाच्यांनाच जागा. आम्ही आत बसलोय, म्हणजे आम्ही त्यातले असणार. नाहीतर तू आम्हाला बोलावलंच नसतंस."

मी हाड हातात धरून उभा. कळेचना काय करावं. मग झूरा एजेकडे वळलो. "एजे, तू तरी. शेपटाकडचं."

झूरा एजेनं पाठ ताठ केली. चाळीस वर्षं या बाईनं एकही खोटी तारीख लिहिली नाही, स्वतःच्या सुनेची एक तारीख दोन दिवसांनी बदलून द्या असं घरचे म्हणाले होते तर महिनाभर घरात बोलली नव्हती. तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तेहतीस."

माझ्या हातातून हाड पडायचंच बाकी होतं.

मग मला कळलं. उशिरा कळलं, पण कळलं. मी परात घेऊन पुढं सरकत गेलो आणि एकेकाला विचारत गेलो. मोच्याच्या दुकानातला म्हातारा, ज्याचे खालचे सगळे दात गेलेत, तो म्हणाला, "तीस." त्याची बायको म्हणाली, "एकोणतीस," आणि लाजली. मिठाच्या दुकानातली म्हातारी म्हणाली, "अठ्ठावीस, पण थकल्यासारखी दिसते, झोप झाली नाही." प्रत्येकाला नळीचंच हाड हवं. मेंढ्याला तेवढ्या नळ्या कुठून असणार! मी परात घेऊन नूरतिलेकपुढे आलो.

"तुमचं वय किती साहेब?" मी विचारलं.

त्याचं हसू आता कोपऱ्यातून निसटायला लागलं होतं. "अडतीस."

"पस्तीसच्या वर," झूरा एजे तिथूनच म्हणाली. "नोंद झाली. कचकिन, या टेबलावरचे सगळ्यात वडील हेच आहेत. जंबाश त्यांना दे."

मी जंबाश त्याच्यापुढे ठेवलं. दोन्ही हातांनी, वाकून, रीतीप्रमाणे.

जेवण झालं. खरं म्हणजे जेवण कोणाच्या घशाखाली नीट उतरलं नाही, आकेंच्या सोडून. ते नळी फोडून मगज खात होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना दोन वाजता दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी खुर्ची मागं सारली, अर्धवट उठले, आणि तसेच पुन्हा बसले. कारण दुवा झाली नव्हती. सगळ्यात वडील माणसानं तळहात उघडून दुवा दिल्याशिवाय आमच्यात कोणी जेवणावरून उठत नाही. लहानपणी असं उठलं तर आई मांडीवर चमचा मारते. साहेबांनाही आई होती.

"आके, दुवा द्या ना," साहेब म्हणाले.

"मी? वडील माणसांसमोर मी हात उचलू?" आकेंनी जीभ चावली. "संचालकांना द्या म्हणावं."

सगळ्यांनी नूरतिलेककडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानं हात उघडले. राजधानीत वाढलेला पोरगा; दुवा त्यानं हजारदा ऐकली असेल, दिली कधीच नव्हती. देणार कशी? ती द्यायला माणसाला म्हातारं व्हावं लागतं. "आमच्या कंपनीच्या वतीनं," त्यानं सुरुवात केली, "या नव्या वाटचालीत…" आणि थांबला. कोणीही हात उघडले नव्हते. कंपनीच्या मुलीसुद्धा हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. एका मुलीनं मान खाली घातली होती. मला वाटतं तिला स्वतःची आजी आठवली असावी.

वीस-पंचवीस माणसं बसून राहिली. कोणी रागावलं नाही, घोषणा नाही, आवाज नाही. फक्त उठता येत नव्हतं.

नूरतिलेकनं चित्रीकरणवाल्याला हातानं थांबायची खूण केली. मग तो आकेंजवळ आला आणि खाली बसला. "आके, तुम्हाला काय हवंय?"

"मला काही नको. मी चौतीसचा आहे, मला पुढे सगळं आयुष्य पडलंय," आके म्हणाले. "पण ही शेजारी बसलीय ना, हिला तू विचार."

नूरतिलेक बुरुल एजेकडे वळला. एवढं म्हणायला हवं, तो खोटं बोलला नाही. "अपा, राजधानीत सगळीकडे अशीच पाटी असते. गिऱ्हाइकांना तरुण चेहरे आवडतात असं म्हणतात. माझ्याही वरचे लोक आहेत. आणि मला खरंच वाटलं की तुम्ही दमला असाल. माझी आई दमते."

"आईला विचारलंस?" बुरुल एजेनं विचारलं. तिचा आवाज हळू होता, सगळ्यांना ऐकायला पुढे वाकावं लागलं. "की तूच ठरवलंस?"

नूरतिलेक तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघू लागला.

"माझी लगमान कधी तुटली? कोणाला थंड मिळाली? एकतीस वर्षांत एक दिवस मी उशिरा आले, नवऱ्याला पुरलं त्या दिवशी. तू मला आराम कर म्हणालास. अरे, मी दमलेय असं तुला कोणी सांगितलं? मला घरी बसून दम लागतो. तिथे उभी राहिले की जातो." तिनं फुलांच्या कुंडीकडे बोट केलं. "तिथं कुंडी ठेवलीस. ठेव. पण सही घेताना माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता हे तुला दिसत होतं. मी तुला पोरा म्हणत होते आणि तू कागद पुढे सरकवत होतास."

मला माझ्याच बोटांकडे बघत बसावं लागलं. डोळे भरले होते आणि त्रेसष्ट वर्षांच्या पोरानं चारचौघांत रडू नये.

नूरतिलेक उठला. सरळ दाराबाहेर गेला आणि पाटी ओढू लागला. ती कसली निघते! चांगल्या गोंदानं चिकटवली होती. वरचा कागद फाटत गेला, खालचा तसाच. नखानं खरवडली तर अक्षरं गेली आणि १८ नि ३५ एवढे आकडेच काचेवर राहिले. मागे कोणीतरी हसलं. मी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो खोकला.

बुरुल एजे उठली, एवढा वेळ मांडीवर धरलेली पिशवी उघडली, आणि तिच्यातून पीठ खरवडायची पत्र्याची पट्टी काढली. लाकडी मूठ झिजून तिच्या बोटांच्या आकाराची झालेली. काम सुटलं त्या दिवशी ही पट्टी घेऊनच ती खानावळीतून बाहेर पडली होती. ओढणी आणि मिठाई घरी टेबलावर ठेवली होती, पट्टी मात्र सोबत फिरवत होती.

"आडवी धर," तिनं बाहेर जाऊन नूरतिलेकच्या हातात पट्टी देत सांगितलं. "अशी नाही. काच कापशील. टेकव आणि ढकल."

त्यानं टेकवून ढकलली. आठ निघाला. मग एक. मग पाच, आणि शेवटी तीन. काच स्वच्छ झाली तेव्हा तिच्यातून बाजार दिसू लागला, आणि बाजारातले लोक आत बघत उभे होते.

"सोमवारी सकाळी या, अपा," तो म्हणाला. पट्टी परत देताना त्याची मान खाली होती. "जुन्याच कामावर. तो कागद मी फाडतो. वर काय सांगायचं ते मी बघतो."

"सोमवार कशाला? संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना काय देणार आहेस? यंत्रातलं?"

"हो."

"मग आजच," बुरुल एजे म्हणाली.

दोघं आत आली, आणि नूरतिलेक आकेंसमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं आता काही लांबलचक बोलेल. पण त्यानं एवढंच विचारलं, "आके, तुमचं वय किती?"

"शहाऐंशी," आके म्हणाले.

"एकोणऐंशी," झूरा एजे म्हणाली. "आणि आज मी आयुष्यात एक तारीख खोटी सांगितली, ती तुझ्या डोक्यावर."

मग टेबलभर आकडे फिरले. बहात्तर. सत्तर. त्र्याऐंशी. दात नसलेला मोची म्हणाला, "पंच्याहत्तर," आणि असा छाती काढून म्हणाला की जणू पदक मिळालंय. बुरुल एजे म्हणाली, "सहासष्ट." माझी पाळी आली. "त्रेसष्ट," मी म्हणालो, आणि साहेबसुद्धा हसले. मी नूरतिलेकपुढचं जंबाश उचललं आणि ते आकेंपुढे ठेवलं. आकेंनी ते थोडं खाल्लं. थंड झालं होतं, पण खाल्लं.

मग ते म्हणाले, "दुवा द्यायचा हक्क माझा. आज तो मी बुरुलला देतो."

तिनं तळहात उघडले. इतकी वर्षं माणसं काचेतून तिला बघत आली, पण ते हात असे उघडे मी पहिल्यांदाच पाहिले. तेलानं आणि दोरीच्या ओढीनं रेघा पुसून गेलेले, कोणत्याही ज्योतिषाला वाचता आले नसते. आम्ही सगळ्यांनी हात उघडले. व्यापाऱ्यांनी, कंपनीच्या पोरींनी, कॅमेरा खाली ठेवून त्या माणसानंही.

"नूरतिलेक," ती म्हणाली, "पोरा, तू म्हातारा हो."

कोणीतरी श्वास घेतलेला ऐकू आला.

"केस पांढरे होऊ देत तुझे. दात पडू देत. नातवंडं दाढी ओढू देत. आणि त्या दिवशीही सकाळी उठल्यावर तुझ्या हातांना जायला जागा असू दे. कोणी तुला आराम कर म्हणू नये. आमीन."

"आमीन," सगळे म्हणाले, आणि तळहात चेहऱ्यावरून फिरवले. नूरतिलेकनं फिरवले ते सगळ्यांच्या नंतर, आणि ते बराच वेळ चेहऱ्यावरच राहिले.

खुर्च्या एकदम सरकल्या. साहेब पळाले. मी किटली घेतली आणि कोणी हाक मारायच्या आत आकेंची पियाली भरली, अर्धी. काचेआड बुरुल एजेनं कुंडी उचलून खाली ठेवली आणि ती पीठ भिजवायला लागली, कारण तीन वाजत आले होते आणि उशीर झाला होता.